रिव्हर्सचा पांढरा दिवा

मी जळगावात बारावीला फिजिक्स शिकवते. दृष्ट काढणं, अंगात येणं, अमावास्येला प्रवास नको... यातलं काहीही मी आमच्या घरात चालू दिलेलं नाही. सासरच्या मंडळींनी त्यावरून मला नावं ठेवणंही कंटाळून सोडून दिलं होतं. या सदरातले अनुभव मी स्टाफरूममध्ये डबा खाताना वाचते, तेही हसायला म्हणून. त्यामुळे आज तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही. फक्त एक आधीच सांगते — यात घाबरण्यासारखं थोडंच आहे. बाकी सगळी लाज आहे आणि ती माझी आहे.

खरं तर मी लिहायला बसले होते वेगळंच. गाड्यांच्या एका ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "मॅडम, तुमच्या एसयूव्हीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कसा वाटला? इतक्या वर्षांचा अनुभव लिहा ना." मी लगेच घेतलं लिहायला. एरंडोल-पारोळ्याच्या गर्दीत डावा पाय आरामात बसून असतो, गुडघा दुखत नाही. धुळे रोडला केळीच्या ट्रकला ओव्हरटेक करताना गिअरबॉक्स क्षणभर विचार करत बसतो, पण मग गाडी झकास उचलतो. गिअर कधी बदलला कळतही नाही... इथपर्यंत मस्त जमलं. मग मी लिहिलं, "सेफ्टीच्या बाबतीत" — आणि पुढे तासभर एक शब्द सुचला नाही. शेवटी ते सगळं पुसून टाकलं.

गाडी माझी. हप्ते माझे, चालवतेही मीच. निलेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ड्रायव्हिंगचा मनापासून कंटाळा आहे. आणि गंमत म्हणजे तो एसटी ड्रायव्हरचा मुलगा! माझे सासरे, आबा, बत्तीस वर्षं धुळे जिल्ह्यात एसटी चालवत होते. घाट, पूर, लग्नसराईची गर्दी, सगळं पाहिलं, पण एकही अपघात नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला होता त्यांना. रिटायर झाल्यावर ते आमच्याकडे जळगावला आले. आमच्या जुन्या छोट्या गाडीतून ओवीला, माझ्या मुलीला, शाळेत सोडायचं आणि आणायचं, ही त्यांची ड्युटी. ते 'ड्युटी' असंच म्हणायचे आणि दहा मिनिटं आधी गाडीत जाऊन बसायचे.

नव्या गाडीत मात्र ते कायम मागे बसत. पुढे बसलं की पाय आपोआप ब्रेक शोधतो, म्हणायचे. पण मागून त्यांचं सगळं लक्ष माझ्या हाताकडे असायचं. मला त्याचा राग यायचा. मी काय शिकाऊ आहे का?

गाडी घेतली त्या वर्षी आखाजीला आम्ही गावी गेलो. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या खान्देशात दिवाळीइतकीच मोठी. सासरचं गाव पिंपळनेरच्या अलीकडे आहे. आबांचे धाकटे भाऊ, नाना, तिथली शेती बघतात. आखाजीला लेकी माहेरी येतात, त्यामुळे निलेशची मोठी बहीण सुरेखाताईही आलेली होती. नवी गाडी पहिल्यांदा गावात आली की ती शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला दाखवायची, चारही चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडायची आणि मालकाने म्हसोबापुढे नारळ फोडायचा, अशी तिथली रीत. एरवी मी नाक मुरडलं असतं. पण त्या घरात बाईच्या नावावर आलेली ही पहिली गाडी होती, आणि नारळ मी फोडणार होते! मी नवी साडी नेसले. माझा फोन सुरेखाताईंच्या हातात दिला आणि वर बजावलं, "ताई, सगळं शूट करा हं. मध्ये बंद करू नका."

भर दुपार. ऊन नुसतं भाजत होतं. ओवी मागच्या सीटवर आबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली, म्हणून एसी चालू, म्हणजे इंजिनही चालू. मी गाडी हळूच पुढे घेतली. लिंबं फट्कन फुटली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं चाक एका ढेकळाला टेकून गाडी थांबली. नानांच्या घरच्या काकू ओरडल्या, "वं माय, चेंदाई गयात लिंबू! उतर आते. नारय तूच फोड, गाडी तुनी शे!"

मी उतरले.

आता जे मॅन्युअल गाडी चालवून ऑटोमॅटिककडे आलेत त्यांना हे चटकन कळेल. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये ठेवून क्लच सोडला तर आचका देऊन बंद पडते, चारचौघांत तुमची शोभा करते. ऑटोमॅटिक तशी नाही, ती तुमची चूक पोटात घालते. लिव्हर D वर, म्हणजे पुढे जायच्या गिअरवर, राहिली तरी गाडी गुपचूप उभी राहू शकते... पुढे ढेकूळ आहे तोवर. मी लिव्हर P वर, म्हणजे पार्किंगला, घेतली नाही. हँडब्रेक ओढला नाही. पदर सावरत, फोनकडे बघून हसत, मी म्हसोबाकडे दहा पावलं चालत गेले.

गाडीचं तोंड उताराकडे होतं. उताराच्या टोकाला नानांची विहीर, बिनकठड्याची.

नारळ फुटला आणि त्याच वेळी सुरेखाताई किंचाळल्या. वळून बघते तर गाडी निघालेली. ड्रायव्हरचं दार उघडं, सीट रिकामी. निलेश धावला, नाना धावले, मी साडीत पाय अडकून पडले. पडल्या जागेवरून मला गाडीची फक्त मागची काच दिसत होती आणि मी ओवीच्या नावाने ओरडत होते. एवढंच आठवतं.

गाडी थांबली. विहिरीच्या काठापासून दोन हातांवर, एक झटका खाऊन थांबली.

निलेशने आधी ओवीला बाहेर काढलं. ती झोपेतून उठून रडत होती, तिला खरचटलंही नव्हतं. मग आबा उतरले. निलेशने आत हात घालून इंजिन बंद केलं. मी पोचले तोवर सगळे वाकून आत बघत होते. लिव्हर P वर होती. मी स्वतः पाहिली.

"तू पार्किंगला टाकली होतीस ना?" निलेशने विचारलं.

त्या क्षणी माझ्याभोवती पंचवीस-तीस माणसं होती. सगळं सासर. माझी साडी धुळीने माखलेली. मी म्हणाले, "हो. टाकली होती म्हणजे काय! बघ ना, P वरच आहे."

"पी वर व्हती त मंग हालनी कशी?" नाना म्हणाले.

आणि मी म्हणाले... हे लिहिताना आजही कान गरम होतात... मी म्हणाले, "आबा मागून पुढे वाकले असतील. त्यांचा हात लागला असेल लिव्हरला."

ब्रेकवर पाय दाबल्याशिवाय या गाडीची लिव्हर P मधून हलतच नाही. मागे बसलेल्या माणसाचा हात लागून तर नाहीच नाही. हे त्या शेतात फक्त मला माहीत होतं आणि माहीत असूनही मी तसं बोलले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नीट, सावकाश पाहिलं. मग भावाकडे वळून म्हणाले, "व्हई. मनाच हात लागना व्हई. पोरले पानी देवाले वाकनू व्हतू मी."

"भाऊ, आते वय व्हयनं तुमनं," नाना म्हणाले. बस. एवढ्यावर बत्तीस वर्षांचा निकाल लागला.

जळगावला आल्यावर निलेशने जुन्या गाडीची चावी आबांकडून मागून घेतली. प्रेमानेच घेतली, "आता आराम करा" म्हणून. महिन्याभरात ती गाडी विकली. ओवीला रिक्षा लावली. आबा शाळेच्या वेळेला फाटकापाशी येऊन उभे राहायचे, रिक्षावाल्याला "हळू ने रे" म्हणायचे आणि आत जायचे. मी हे रोज बघत होते आणि रोज कॉलेजला जात होते.

व्हिडिओ माझ्याच फोनमध्ये होता. तो मी परतल्यावर दोन दिवसांनी स्टाफरूममध्ये एकटी असताना पहिल्यांदा लावला. ताई गाडीच्या मागच्या अंगाला उभ्या होत्या, त्यामुळे गाडीचे मागचे दिवे आणि मागची काच स्वच्छ दिसते. D वरून P वर जाताना लिव्हर मधल्या R वरून जाते आणि रिव्हर्सचा पांढरा दिवा क्षणभर लुकलुकतो. मी उतरले तेव्हा तो दिवा लागलेला नाही. दहा वेळा बघितलं, लागलेला नाही. माझी चूक, माझ्याच हौसेने शूट केलेली.

पण व्हिडिओ तिथे संपत नाही. गाडी उताराने जाते. काचेतून आबा दिसतात. दोन्ही हातांनी ओवीला छातीशी घट्ट धरलेलं, पाठ मागे सीटला टेकलेली. आणि काठाच्या अगदी आधी मागचे लाल दिवे लागतात. ब्रेकचे. लागतात आणि लागलेलेच राहतात. मग पांढरा दिवा एकदा लुकलुकतो, म्हणजे लिव्हर R वरून P वर गेली. मग लाल दिवे विझतात. कुणी पाय काढावा तसे.

माझ्या गाडीत आपोआप ब्रेक लागण्याची कुठलीही सोय नाही. हँडब्रेकही साधा, हाताने ओढायचा. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, पेडल दाबल्याशिवाय लाल दिवा लागूच शकत नाही." त्याने कॉम्प्युटर लावून सगळं तपासलं. काही दोष नाही.

मी तो व्हिडिओ कुणाला दाखवला नाही. दाखवला असता तर आबा सुटले असते आणि मी अडकले असते. ताईंनी दोनदा मागितला, मी सांगितलं डिलीट झाला.

चारेक महिन्यांनी आबांच्या मोतीबिंदूच्या तपासणीसाठी मी त्यांना धुळ्याला घेऊन चालले होते. पारोळ्याला चहाला थांबलो. आम्ही दोघंच होतो. माझ्याने राहवेना, मी सगळं बोलून टाकलं. रडले पण.

ते बशीत चहा ओतत म्हणाले, "माले माहीत शे, बेटा. लिव्हर डी वर व्हती. तू उतरनी तव्हयच मी देखं. तुले हाक मारनार तेवढामा गाडी हालनी, मंग मी पोरले धरं."

"आबा... मग ब्रेक?"

त्यांनी बशीतला चहा फुंकून एक घोट घेतला. मग म्हणाले, "पेडल खाले गयं. मी मना डोयाघाई देखं. पाय कोन्हाच नव्हता."

"तुम्ही तेव्हा हो का म्हणालात?"

"तुनी चूक निंघती त तुले परत कोन गाडी चालाडू देतं? निलेश बी नही देता. बाईले काय समजस, म्हनतात. मनं काय, मनं चालाडीसन व्हई गयं." बशी खाली ठेवून त्यांनी तोंड पुसलं. "आते कोन्हाले सांगू नको."

आणि मी नाही सांगितलं. मोठ्यांची आज्ञा मी आयुष्यात इतक्या खुशीने कधीच पाळली नव्हती.

आबा दोन वर्षांपूर्वी गेले, दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. दहाव्याला त्यांच्या बरोबरचे एक रिटायर्ड कंडक्टर आले होते. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "असा ड्रायव्हर व्हनार नही. बत्तीस वरीस एक खरोच नही. ती म्हतारपननी एक चूक सोडी द्या." माना हलल्या. मी तेव्हा पाण्याचे ग्लास भरत होते. मी ग्लास भरत राहिले.

परवा तो रिव्ह्यू पुसून टाकल्यावर मी फोनमधून व्हिडिओ शोधून काढला. काल दुपारी घरच्या ग्रुपवर टाकला, खाली सगळं लिहून. मी लिव्हर D वर सोडली, मी खोटं बोलले, आबांचा हात लागला नव्हता. पाच मिनिटांत मेसेज सुरू झाले. हात जोडलेली चित्रं. म्हसोबानेच तारलं. नाही, ओवीच्या देवाघरी गेलेल्या आजीने तारलं. कुणी म्हणालं ब्रेकचा स्विच बिघडला असेल, त्यावर दुसऱ्याने मग लिव्हर कशी हलली म्हणून विचारलं. आबांबद्दल एकाही मेसेजमध्ये काही नव्हतं.

निलेश फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. मला वाटलं ओरडेल.

"आबांना माहीत होतं? तू D वर सोडलीस हे?"

"हो. पहिल्यापासून."

तो तिथेच स्टुलावर बसला. "मी चावी मागितली तर त्यांनी लगेच काढून दिली गं," तो म्हणाला. "एका शब्दाने बोलले नाहीत."

ब्रेक कुणी दाबला, हे ग्रुपवर अजून विचारतायत. मला ते तेव्हा सांगता येत नव्हतं आणि आजही येत नाही. निलेश कालपासून माझ्याशी बोललेला नाही.