पौर्णिमाताईंचं जोडमंडळ

पौर्णिमा सोनावळे आणि मी पहिल्यांदा भेटलो ते कर्जतच्या तहसील कचेरीतल्या रांगेत. त्या मागून आल्या आणि "दादा, जरा सरका" एवढंच म्हणाल्या, तर त्या आवाजाने भिंतीवरच्या कॅलेंडरची दोन पानं उलटली आणि साहेबांच्या केबिनमधला शिपाई न बोलावता बाहेर आला. चार मिनिटांत त्यांनी माझा रक्तगट, रेशनकार्डाचा रंग आणि सासूबाईंची साखर काढून घेतली. पाचव्या मिनिटाला मी एका संस्थेचा सदस्य झालो होतो, आठव्या मिनिटाला तिचा कायमचा सूत्रसंचालक. कचेरीत कशाला आलो होतो ते मला घरी जेवताना आठवलं.

ती संस्था म्हणजे जोडमंडळ. पौर्णिमाताई अंगणवाडीत मदतनीस, उंची पाच फुटांच्या आत, आणि खांद्याला एवढी मोठी पिशवी की लांबून पिशवीच चालत येतेय असं वाटे. पिशवीत निम्म्या तालुक्याची आधारकार्डं, झेरॉक्स करून. त्यांचं म्हणणं साधं होतं. योजना कर्जतला, दवाखाना पनवेलला आणि गरजवंत कोंडाणे गावात. हे तिघे एकमेकांना कधी भेटतच नाहीत. म्हणून त्यांनी गावोगावची नऊ मंडळं एकत्र बांधली: विहारातलं महिला मंडळ, रिक्षावाल्यांची संघटना, गणेश मंडळ, तबलजीवरून फुटलेली दोन भजनी मंडळं, आणि अशीच आणखी चार. कोणी गाडी द्यायची, कोणी डबा, कोणी अर्ज भरायचा. कुठल्याही घरातलं माणूस कचेरीत किंवा दवाखान्यात एकटं जाणार नाही, सोबत एक जण असेलच, हा पहिला नियम.

दुसरा नियम सत्काराचा. मदत करून गप्प बसणारा माणूस आमच्या भागात अजून जन्मायचा आहे. त्याला शाल लागते, नारळ लागतो, आणि दोन्ही घेताना फोटो लागतो. ताईंनी हे ओळखलं आणि ठरवलं, सगळ्या मंडळांना सारखा मान. खोपोलीहून शालींचा गठ्ठा आला. त्या शाली इतक्या टोचत की लोक त्या पुढच्याच सत्काराला वापरत. एक हिरवी शाल तर माझ्या हातून तीनदा गेली. पण एकमेकांच्या सतरंजीवर न बसणारी माणसं त्या शालींपायी एका ओळीत उभी राहू लागली. दोन वर्षांत किती विधवांची पेन्शनं सुरू झाली, किती अपंगांना दाखले मिळाले!

मग येसूबाईचं काम आलं. कोंडाण्याची, सत्तरीची, घरात एकटी. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात काचबिंदू. पनवेलच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. एप्रिलातला शेवटचा मंगळवार, अकराच्या आत. "ही चुकवू नका," डॉक्टर म्हणाले होते. येसूबाईने ते नीट ऐकलं होतं. ताईंना म्हणाली, "डोळा ऱ्हायला तर मी माज्या चुलीपाशी ऱ्हाईन गं बाय. नायतर पुतन्याच्या दारात बसायचं हाय."

सकाळी साडेसहाला संघटनेतल्या नामाची रिक्षा कोंडाण्याला पोचली. आधी विहारातल्या बायकांनी येसूबाईला शाल घातली. कर्जतच्या नाक्यावर रिक्षा संघटनेने नामाचा सत्कार केला, मग आजीचाही. तिथून पुढे गणेश मंडळाची जीप होती, पण जीपच्या पुढ्यात मांडव होता, आणि मांडवात माईक. माईकवर मी.

ताईंनी घड्याळ पाहिलं. "साईराज, आता नको रं. नऊ वाजून गेले."

मंडळाचा अध्यक्ष साईराज दुखावला. "ताई, तुमीच म्हनला ना, सगळ्यांना सारखा मान? विहाराचा झाला, रिक्षावाल्यांचा झाला. आमीच काय घोडं मारलं? दोनच मिन्टं!"

ताई मांडवाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. नियम त्यांचाच होता. दोन मिनिटांतली पंचवीस एकट्या माझ्या प्रास्ताविकाने खाल्ली. मी तेव्हा फार रंगात होतो. मग पाहुणे यायचे राहिले होते, त्यांची वाट पाहिली.

पनवेलला पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. डॉक्टर निघून गेले होते. पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची.

उन्हात बाकावर येसूबाई मांडीवर तीन शाली घेऊन बसली होती. "माज्या लग्नात बी एवडं नव्हतं," ती म्हणाली. आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत.

सात आठवड्यांनी ताई कोणालाही न सांगता तिला एसटीने घेऊन गेल्या. वाटभर येसूबाईने त्यांचा दंड सोडला नाही. ताईंना वाटलं, माया. डॉक्टरांनी डोळ्यात बराच वेळ बॅटरी धरली आणि विचारलं, "आजी, दिसायचं कधीपासून बंद झालं?"

"झालं पंधरा दीस."

"मला का नाय सांगितलं गं आजी?" ताईंनी विचारलं.

"सांगून काय? तू रडली असती."

आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद ताईंनी पिशवीत ठेवला नाही, हातात धरूनच आणला.

पुढच्या सभेत त्यांनी एकच ठराव मांडला: यापुढे सत्कार बंद. आवाज इतका बारीक की मागच्यांना पुन्हा विचारावं लागलं. नऊच्या नऊ मंडळांनी माना हलवल्या, एकमताने मंजूर. त्यानंतरच्या सभेला पाच मंडळं आली. त्याच्या पुढच्या सभेला नामा आला आणि मी. साईराजने स्वतःचा मदत कक्ष काढला, त्याच्या उद्घाटनाचं सूत्रसंचालन करायला मला बोलावलं होतं. मी तब्येतीचं कारण सांगितलं.

ताई अजून कोणाकोणाला घेऊन कचेरीत जातात, पण रजा मिळेल तेव्हा, आणि एका वेळी एकालाच.

गणपतीच्या आधी पुतण्या आला आणि येसूबाईला रसायनीला घेऊन गेला. कोंडाण्याच्या घराला कुलूप आहे.