पृथ्वीसाठी पालथं पातेलं

पृथ्वी बरी करण्याचं काम मी हाती घेतलं ते जावेमुळे.

सुनीता, माझी धाकटी जाऊ, सोलापूरच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅटमध्ये राहते. तिनं सोसायटीच्या पार्किंगमध्ये पृथ्वीच्या स्वास्थ्यासाठी सामूहिक ध्यान ठेवलं. पंचवीसेक माणसं आली, डोळे मिटून बसली आणि पेपरात फोटो आला. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण सासूबाई माझ्याकडे राहतात. त्यांनी तो फोटो कापून माझ्या फ्रिजवर चिकटवला. माझ्या! दूध काढायला गेलं की सुनीता, दही ठेवायला गेलं की सुनीता. चेहरा असा शांत, जणू हिच्या घरचं दूध कधी उतू गेलंच नाही.

"पोरगी लई गुणाची हाय," सासूबाई म्हणाल्या. (त्या अक्कलकोटकडच्या. कौतुक मराठीत करतात आणि रागावतात कानडीत. लग्नानंतर वर्षभरात मला कानडी उत्तम समजायला लागली.)

सुनीताचं पहिल्यापासून हे असंच आहे. आमच्या वास्तुशांतीला तिनं पितळेची घागर दिली. सगळ्या आहेरांत मोठी, आणि पोटावर नाव घातलेलं: ‘सौ. सुनीताकडून सप्रेम भेट’. लोक भांड्यावर नाव बारीक घालतात. हिनं दुकानाच्या पाटीएवढं घातलंय. मी ती घागर नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवते. पाणी भरायला मात्र तीच घ्यावी लागते, कारण तेवढं पाणी मावणारं दुसरं भांडं घरात नाही. हेही तिनं मुद्दाम केलं असणार.

"मीही ध्यान ठेवणार आहे," मी नवऱ्याला सांगितलं.

"तुला येतं?"

"त्यात येण्यासारखं काय आहे? गप्प बसायचं असतं."

"म्हणून तर विचारलं," हे म्हणाले, आणि पेपर तोंडापुढे धरला.

गल्लीत माझा शब्द चालतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकणारी बाई सगळ्यांना लागते. शेजारच्या पद्मापासून सुरुवात केली. तिच्या घरी टॉवेलचे माग आहेत, माणसंही भरपूर.

"पृथ्वीला काय झालंय वहिनी?" पद्मानं विचारलं.

"ताप आलाय."

"मग आपण बसून काय उतरणार?"

"नंतर नाश्ता आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी, घट्ट दही."

"किती वाजता यायचं?" पद्मा म्हणाली.

अशा रीतीनं पृथ्वीबद्दलची कळकळ गल्लीभर पसरली. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव घातला. बसायला प्रत्येकीनं आपली चादर आणायची ठरलं. स्पीकर लावले. माईकवाला हातात धरायचा माईक देत होता, पण सुनीताच्या फोटोत मला तसलाच माईक दिसला होता. म्हणून मी पदराला लावायचा, चिमट्याचा, बिनवायरचा माईक मागून घेतला. पेपरवाल्याला फोन केला. आणि सुनीताला खास आमंत्रण दिलं, पहिल्या रांगेचं. तिनं बघावं म्हणून तर सगळा खर्च.

"अक्का, किती छान," ती फोनवर म्हणाली. "काही मदत करू का?"

हेच मला तिचं सहन होत नाही.

आदल्या रात्री पाण्याची बातमी आली. आमच्याकडे नळ रोज येत नाही, पाळी असते, आणि ती पाळी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी येईल असं बघूनच मी वार ठरवला होता. पण कुठंतरी पाइपलाइन फुटली आणि पाळी एक दिवस पुढे गेली. म्हणजे नेमकी ध्यानाच्या सकाळवर. गल्लीच्या ग्रुपवर धडाधड मेसेज: ध्यानाचं जमणार नाही, पाण्याचा दिवस आहे, पृथ्वीला पुढच्या आठवड्यात बघू.

कार्यक्रम पुढे ढकलणं शहाणपणाचं होतं. पण सुनीताचं दुसरं ध्यान पुढच्याच आठवड्यात होतं, आणि तिच्यामागून ध्यान करण्यापेक्षा मी पृथ्वी तशीच राहू दिली असती. मी ग्रुपवर लिहिलं: ‘पाणी दहाच्या आत कधी आलंय? आपलं ध्यान आठला संपतं. तरी शंका असेल तर नळ सोडून ठेवा, खाली पातेलं पालथं घाला आणि या. पाणी आलं तर आवाज येईलच.’

ही आमच्याकडची जुनी युक्ती आहे. पालथ्या पातेल्यावर धार पडली की मेलेला माणूसही उठून बादली शोधतो. सगळ्यांना पटली. मला स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं. सुनीताला सुचलं असतं का असं?

सकाळी मांडव भरला. पंचवीस तर नुसत्या मागच्या रांगेत असतील. सुनीता पांढऱ्या साडीत आली. तिच्याशेजारी सासूबाई. पेपरवाला कॅमेरा पुसत उभा. मी पदराला माईक लावला आणि मोबाईलवर ऐकून पाठ केलेलं सुरू केलं.

"डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या. आता पृथ्वी डोळ्यांसमोर आणा. निळी, गोल, शांत."

मीही आणली. निळी होती, गोल होती, आणि बघता बघता तिला सुनीताचं नाक आलं. मी एक डोळा किंचित उघडून पाहिलं. सुनीताचं ध्यान लागलं होतं. माझ्या मांडवात, माझ्या खर्चानं, माझ्याआधी.

"आता मनातली सगळी कटुता सोडून द्या," मी म्हणाले, आणि आमच्या डाव्या हाताच्या घरातून आवाज आला.

टण्ण.

कुणी हललं नाही. पण सगळ्यांचे श्वास थांबले, ते मला स्पीकरशिवाय ऐकू आलं. मग उजवीकडून टण्ण. मग समोरून. मग गल्लीभर, पितळ, स्टील, जर्मन, सगळी पालथी पातेली एका सुरात वाजायला लागली.

"लक्ष श्वासावर ठेवा," मी म्हणाले.

"नीळ्ळु वच्चिनाइ!" पद्मा ओरडली. तेलुगू कुणाला येवो न येवो, पाणी आलं हे गल्लीला कुठल्याही भाषेत कळतं. मांडव रिकामा झाला. चादरी तशाच. एकीनं जाता जाता नमस्कार केला, मला की पृथ्वीला ते कळलं नाही.

मी टिकून राहिले. खरंच राहिले. पण मग आमच्याच न्हाणीतलं पातेलं वाजायला लागलं, आणि माझे पाय माझ्या आधी निघाले.

"अहो!" मी घरात शिरतानाच हाक मारली. "मोटार लावा, मोटार! जिन्याखालची. वर पोतं टाकून ठेवलंय बघा. हळू लावा, आवाज नको, मागच्या महिन्यात ग्रुपवर मीच लिहिलंय की कोण चोर नळाला मोटार लावतंय म्हणून."

"अगं, पण तू..." हे काहीतरी सांगत होते.

"मधे बोलू नका. ती घागर द्या. हिचं नाव समोर आलं की तळपायाची आग मस्तकात जाते. आणि तिकडं बसलीय बघा कशी, मांडी घालून, डोळे मिटून! तिच्याकडं कालच पाणी येऊन गेलंय. टाकी भरलेल्या माणसाला ध्यान लागायला काय जातंय? आणि तुमच्या आई! एवढ्या चटण्या कुटल्या मी, कधी माझा फोटो लावला फ्रिजवर? एक फोटो! एवढ्यासाठी मी पृथ्वी अंगावर घेतली."

यांनी नुसतं माझ्या पदराकडे बोट दाखवलं.

मी खाली पाहिलं. माईकवर हिरवा दिवा लुकलुकत होता. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझंच वाक्य, थोडंसं मागून, प्लॉटवरून परत येत होतं. गल्लीतली सगळी पातेली गप्प होती. सगळ्या बाया आपापल्या दारात, हातात बादल्या, आमच्या घराकडे बघत.

"तरीच," पलीकडच्या घरातून पद्माचा आवाज आला, माईक नसतानाही खणखणीत. "तरीच आमच्या नळाला करंगळीएवढी धार."

घरात किती वेळ लपणार? घागर कमरेवर घेऊन बाहेर आले. मांडवात दोघीच बसल्या होत्या. सासूबाई माझ्याशी कानडीत काहीतरी बोलल्या. ते मी इथं लिहीत नाही.

सुनीतानं सावकाश डोळे उघडले. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"अक्का, पाणी भरून घ्या सगळ्यांनी," ती म्हणाली. "मग परत बसू. नाश्ता आहेच की."

आणि बाया आल्या. भांडी भरून, पदर खोचून, हात पुसत आल्या आणि चादरींवर बसल्या. मला बोलायचं तोंड उरलं नव्हतं, म्हणून सुनीतानं माझा माईक लावून घेतला. पाच मिनिटांत सगळ्यांचं ध्यान लागलं, टाक्या भरल्या होत्या ना. (म्हणजे मी मघाशी बोलले ते खरंच होतं. पण हे कुणी लक्षात घेतलं नाही.) मी घागर घेऊन बाजूला उभी राहिले. पेपरवाला म्हणाला, "मावशी, जरा सरका." सरकले. त्यानं फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी तो छापून आला. मधोमध सुनीता, डोळे मिटलेले, चेहरा शांत. भोवती माझी गल्ली. उजव्या कडेला एक कोपर आणि एक घागर. गडबडीत मी ती धरली होती नावाची बाजू पुढे करून.

सासूबाईंना चष्मा लावूनही बातमी वाचता येत नाही. घागरीवरचं त्यांनी चष्म्याशिवाय वाचलं. मग फोटो कापून पहिल्याच्या शेजारी लावला.

"हे घे," त्या मला म्हणाल्या, चक्क मराठीत. "लागला की तुझा बी फोटो."

आता माझ्या फ्रिजवर सुनीताचे दोन फोटो आहेत. दुसऱ्यात तिच्या नावाची पाटी मी धरली आहे.