पाठमोऱ्या मुकादमांचा व्हिडिओ

पाठमोरे हे त्यांचं आडनाव नव्हे. साइटवर निम्म्या लोकांना मात्र तसंच वाटायचं, आणि मुकादमांनीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. पोकलेनचा दांडा डोक्यावरून फिरत असताना मशीनकडे पाठ करून, कंबरेवर हात ठेवून उभं राहायची त्यांना खोड. ऑपरेटरवरचा भरवसा दाखवायची ही त्यांची रीत. ज्याच्याकडे ते पाठ करत, त्याची कॉलर आठवडाभर ताठ. आणि सगळ्यात जास्त पाठ कुणाकडे? मेहुण्याकडे! बायकोचा धाकटा भाऊ. लिव्हर धरायला यांनीच शिकवलेला.

मग कंपनीने मुकादमांसाठी सुरक्षेचं प्रशिक्षण काढलं. पास होईल तो मुकादम राहणार, नापास होईल तो गेटवर बसणार. आपले मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत.

प्रशिक्षकबाई वयाने लहान, पण जिभेला धार. "मशीनच्या फेऱ्यात माणूस उभा राहता कामा नये. आता बघा, काय करायचं नाही ते."

पडद्यावर पिवळा दांडा फिरला. त्याखाली कंबरेवर हात ठेवलेली एक रुंद पाठ. बकेट हेल्मेटच्या वीतभर वरून गेली.

"अहो पाठमोरे, मागून बरे दिसता की!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला. मुकादमही हसले, अशा वेळी हसावंच लागतं. तेवढ्यात त्यांना पडद्यावर, केबिनच्या काचेच्या कोपऱ्यात लोंबणारी लाल लोकरीची बाहुली दिसली. बायकोने विणून भावाच्या केबिनमध्ये बांधलेली. हसू ओठांवरच सुकलं.

"काय चुकलं, तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या.

म्हणजे एका हातात मोबाईल धरून मेहुणा दुसऱ्या हाताने मशीन फिरवत होता. एवढं बोलले असते, तर संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी गेली असती.

"माणसाकडे पाठ करायला नको होती," मुकादम म्हणाले.

"मशीनकडे," बाईंनी दुरुस्त केलं.

"हो. तेच."

नापास, उद्यापासून गेट, हे ऐकूनच ते घरी आले. "तुझ्या भावाने गळा कापला माझा!" दारातूनच त्यांनी तोफ डागली.

बायकोने कपड्यांच्या घड्या करणं थांबवलं नाही. "त्याला बोलू नका. मीच काढायला लावला व्हिडिओ, आणि नाव न सांगता बाईंना पाठवलाही मीच."

"तू?"

"रडून झालं, भांडून झालं. तुम्ही ऐकता कुणाचं? म्हटलं, चारचौघांत हसू झालं तर हसू, पण माणूस धड घरी येईल."

मुकादम मटकन खुर्चीत बसले. एक मोजा निघाला, दुसरा निघेचना. "आणि तो? तो लगेच तयार झाला?"

बायकोने हातातला शर्ट खाली ठेवला. "लगेच. म्हणाला, ताई, ते पाठ करून उभे राहिले की माझे हात थरथरतात."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."