घाबरूनका सर

चित्रकलेच्या सरांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. मुलं त्यांना 'घाबरूनका सर' म्हणत. परीक्षा जवळ आली की सर वर्गावर्गांतून फिरत आणि "घाबरू नका हं" असं इतक्या कळवळून सांगत, की तोवर मजेत बसलेलं पोरही दचकून विचारी, "का? काय झालं?"

तरी मुलांचा ताण हलका करायचं काम मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्याकडेच दिलं होतं. मुलं त्यांच्यापाशी मन मोकळं करत, हे मात्र खरं.

अशीच एक मुलगी त्यांच्याकडे आली होती. वर्गात फळ्यावर गणितं सोडवून दाखवणारी. पण सराव परीक्षेत कोरा पेपर देऊन उठून गेलेली. "पेपर हातात आला की डोक्यात नुसती भिंत उभी राहते, सर. या वेळीही तसंच झालं, तर मी शाळाच सोडणार."

"एकदा बसून तर बघ. मी असेन वर्गात," सर म्हणाले होते.

आज तो दिवस. सकाळपासून सर घरभर भिरभिरत होते. शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"अहो, बसा की जरा! परीक्षा त्या पोरीची आहे, तुमची नाही," बायको म्हणाली.

"बसलोच आहे," उभ्या उभ्या चहा संपवत सर म्हणाले.

शाळेत घंटा झाली. पेपर वाटून झाले आणि सरांच्या फेऱ्या सुरू झाल्या. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. त्यात बूट नवे, पावलागणिक करकर. खिडकीजवळ ती मुलगी बसली होती. तिच्या पेनाचं टोपणही निघालं नव्हतं. सरांचा जीव टांगणीला लागला. ते आणखी भरभर चालू लागले.

"घाबरू नका," ते पुटपुटले.

"नाही घाबरलो, सर," पहिल्या बाकावरचा मुलगा वैतागून म्हणाला.

तेवढ्यात मुलीचा हात वर झाला. संपलं! सर धावलेच.

"जायचंय का तुला?"

"नाही सर." ती चाचरली. "तुम्ही... बसता का जरा?"

"मी?"

"तुमचे बूट जवळ आले की सगळं विसरते. लांब गेले की परत कधी येतील, याची वाट बघत बसते."

"सर, आम्हीही हेच म्हणणार होतो," पहिला बाक म्हणाला.

सर मुकाट्याने खुर्चीत बसले. एक पाय हलायला लागला. त्यांनी दुसरा त्यावर दाबून धरला. मग बोटं टेबलावर ताल धरू लागली. ती बगलेत कोंबली. तिच्याकडे बघायचं नाही, असं ठरवून त्यांनी छताकडे इतका वेळ पाहिलं की मान आखडली. पेनांची कुरकुर ऐकू येत होती. त्यात तिचं पेन आहे का? कान देऊनही कळेना. बसणं इतकं अवघड असतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"सर, पुरवणी!"

तिचाच आवाज. सर असे उठले की खुर्ची धाडकन आडवी झाली. सगळा वर्ग दचकला. सवयीने सरांचं तोंड उघडलं, "घाब—"

"—रू नका!" वर्गाने पुरं केलं. तीही हसली आणि पुन्हा कागदावर वाकली.

सरांनी खुर्ची उचलली, बूट काढले आणि पुरवणी घेऊन मोज्यांवर, चोरासारखे, खिडकीकडे निघाले.