झुलीमागचा रेडिएटर

फुलसिंग राठोडचा हात एकदा सुटला की मध्ये कुठं थांबत नसे. अंगानं सहा फूट, आवाज असा की तांड्याच्या या टोकाला बोलला तर त्या टोकाची कुत्री उठून बसावीत. बापानं आयुष्यात बैलावरही काठी उगारली नव्हती. मुलानं मात्र चौदा वर्षांपूर्वी बायकोच्या भावाचा, अमरसिंगचा, जबडा मोडला आणि सहा महिने तुरुंगात काढले. सुटून आला त्या दिवशी रुपीबाई दारात उभी होती. बाई किरकोळ, पण उभी अशी की अख्खी चौकट भरली.

"आता पुन्हा कोणावर हात उचलला," ती म्हणाली, "त मी अमरसिंगच्या घरी जाईन. मले आणायले येजो नोको."

तेव्हापासून फुलसिंग चिडला की ट्रकच्या टायरला लाथा घाली. इतकी वर्षं तेवढ्यावर निभावलं.

ट्रक चाळीस वर्षांचा. यंदा त्याच्या इंजिनानं जीव सोडला आणि अपघातातल्या एका गाडीचं मोठं डिझेल इंजिन त्याच्या छातीत बसवायचं ठरलं. बसवणारा धर्मपाल मिस्त्री, फुलसावंगीचा, फुलसिंगचा वीस वर्षांचा सोबती. जुना रेडिएटर या इंजिनाला पुरणार नव्हता, म्हणून दोघं पुसदच्या भंगारवाल्याकडे गेले. तिथं दोन मिळाले. एक पितळी, जाडजूड, चार पदरी. दुसरा अॅल्युमिनियमचा, पातळ, पण चांगला रुंद.

"पितळेचा घे," फुलसिंग म्हणाला. "वजन त पाह्य त्याचं."

"वजनाचं काय लोणचं घालतं, भाऊ?"

"माह्या जेवणाचा डबा याच्याहून जाड हाय, मिस्त्री."

धर्मपालनं बिडी पेटवली आणि पितळी जाळीवर धूर सोडला. निम्मा धूर उलटून त्याच्याच तोंडावर आला. मग रुंद जाळीवर सोडला. तो सरळ पलीकडे उभ्या असलेल्या फुलसिंगच्या मिशीत शिरला.

"पाणी इंजिनातली आग नुसती उचलून आणते," धर्मपाल म्हणाला. "इझवते ते हवा. नवं इंजिन जास्त आग ओकते, त्याले तोंडभर हवा पायजे. हाच घे. गरम झालं त माह्या टकुऱ्यात घाल."

फुलसिंग हसला आणि पातळ रेडिएटर खांद्यावर टाकून निघाला.

बारा दिवसांनी ट्रक तांड्यावर परत आला. रुपीबाई त्याचीच वाट बघत होती. सासऱ्याच्या आज्याचा बैलांचा तांडा होता, पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरणारा. त्या घरात म्होरक्या बैलाला झूल चढवल्याशिवाय वाटेला लावत नसत. रुपीबाईनं हिवाळाभर बसून ट्रकसाठी झूल शिवली होती. दुहेरी कापड, त्यावर आरसे, आरशांमध्ये कवड्या. सकाळी तिनं ती ट्रकच्या तोंडावर, समोरच्या जाळीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली. फुलसिंगनं नारळ फोडला. सूर्य उगवला तसा ट्रक लखलखला, आणि मिरवणुकीला निघालेल्या राजासारखा तांड्याबाहेर पडला.

मे महिना, हळदीची पोती, घाटाचा चढ. अर्ध्या घाटात इंजिनाच्या उष्णतेचा काटा तांबड्यावर गेला. फुलसिंगनं बॉनेट उघडलं, फडकं धरलं आणि धीर न धरता रेडिएटरचं झाकण पिळलं. उकळतं पाणी कोपरापर्यंत आलं. फडकं काढलं तेव्हा त्याच्यासोबत कातडंही आलं. त्यानं टायरला लाथ घातली. दुसरी घातली. आज तेवढ्यानं भागेना.

गाडी निवू दिली, पाणी भरलं आणि तशीच भरलेली गाडी वळवून तो फुलसावंगीला परत आला. दुपारचे तीन वाजले होते. धर्मपाल गॅरेजसमोर चहा पीत होता.

"इतक्या लवकर कसा काय, भाऊ?"

फुलसिंगच्या हातात चाकाचा पाना होता. फटका डोक्यावरच पडायचा. धर्मपालचा उजवा हात आडवा आला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो खाली पडला, तेव्हा फुलसिंगनं बरगडीत लाथ घातली. मग तोंडावर. रक्त बनियनवर उतरलं.

"हवा पायजे म्हने," फुलसिंग गरजला. "थांब, तुह्या डब्याचा चुराच करतो."

तो ट्रकसमोर गेला आणि दोन्ही हातांनी पाना रेडिएटरवर हाणला.

आरसे फुटले. कवड्या टपटप मातीत पडल्या.

फुलसिंगचा पुन्हा उचललेला पाना वरच राहिला. मागून, जमिनीवरून, रक्त थुंकत धर्मपालनं विचारलं, "हे कवा बांधलं?"

"सकाळी."

"घाटात बी होतं?"

फुलसिंगनं पाना खाली टाकला. गुडघ्यांवर बसून त्यानं झुलीच्या दोऱ्या कापल्या, धर्मपालला उचलून केबिनमध्ये बसवलं आणि पुसदचा दवाखाना गाठायला निघाला. तीच पोती, तेच ऊन. वाटेतल्या चढावर धर्मपालनं विचारलं, "काटा?"

"मधात हाय."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"मधातच हाय, मिस्त्री."

दवाखान्यात लिहून घेणाऱ्या बाईनं कसं झालं ते विचारलं. धर्मपाल सुजलेल्या ओठांनी म्हणाला, "जॅक घसरला."

सुटायची वाट मोकळी होती. फुलसिंगनं त्या मोडक्या हाताकडे पाहिलं.

"नाई," तो म्हणाला. "म्या मारलं. तसंच लिवा."

मग बाहेर येऊन त्यानं रुपीबाईला फोन लावला आणि तिलाही सगळं सांगितलं, झुलीसकट.

"मिस्त्रीचा कोनता हात मोडला?" तिनं विचारलं.

"उजवा."

फोन बंद झाला.

दिवस मावळायच्या आत ती आली. अमरसिंगच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन. पायरीवर बसलेल्या फुलसिंगकडे न बघता ती आत गेली, आणि धर्मपालच्या खाटेशी बसून त्याला चमच्याचमच्यानं चहा पाजू लागली.