मामांच्या खिशातला फ्यूज

कोल्हापुरात जन्मलेला प्रत्येक माणूस स्वतःला पैलवान समजतो. आमच्या सौभाग्यवतींचे थोरले मामा मात्र यंत्रांनाही पैलवान समजत. एसी आणि गिझर दुरुस्त करणारा एवढा प्रेमळ आणि एवढा तऱ्हेवाईक माणूस अख्ख्या जिल्ह्यात झाला नाही, हे मी पैजेवर सांगतो. बंद पडलेल्या एसीच्या पाठीवर थाप मारून ते आधी विचारत, "काय वस्ताद, दम लागला व्हय?" पण त्यांची खरी ख्याती फ्यूजसाठी. कामाला हात लावण्यापूर्वी मेनचा चिनीमातीचा फ्यूज उपसून ते सदऱ्याच्या खिशात टाकत. नुसतं बटण बंद करून त्यांचं भागत नसे. बटण कुणीही चालू करील, खिशात हात कोण घालणार? घोळ एवढाच, की मामा मधेच कुठे गेले तर फ्यूजही त्यांच्याबरोबर जाई. माझ्या लग्नात हॉलचा एसी उघडून ठेवून ते पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले, आणि आमच्या मंगलाष्टका बिनमाईकच्या झाल्या. आत्याबाई अजून सांगतात, की त्यांना 'सावधान' ऐकूच आलं नाही.

एवढा हुन्नर असून मामांकडे सरकारी परवाना नव्हता. मोठं काम दुसऱ्याच्या परवान्यावर करायचं आणि नावही त्याचंच व्हायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. मग कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याने अख्ख्या इमारतीच्या एसीचं काम देऊ केलं; अट एकच, विजेच्या जोडणीचा परवाना स्वतःचा हवा. परवान्याच्या परीक्षेत परीक्षकांशी वाद घालून मामा आधी दोनदा नापास झालेले. या खेपेला त्यांच्या तोंडाला लगाम घालायला घरच्यांनी मला सांगलीला बरोबर धाडलं.

मामांचा नंबर शेवटचा होता. त्यांनी जोडणी केली, परीक्षक "ठेवा, नंतर तपासतो" म्हणाले आणि आम्ही निघालो. पंखे बंद पडलेले, पण त्या काळात लाईट गेली तर कुणी कपाळाला आठीसुद्धा घालत नसे. हातकणंगल्यापाशी एसटीत मामांनी तंबाखूसाठी खिशात हात घातला, हाताला फ्यूज लागला आणि ते ओरडले, "मेलो की ओ जावईबापू!"

"गुपचूप घरी चला," मी म्हणालो. "कुणाला कळणार आहे?"

"आन् तिथं कुणी येड्यावानी फ्यूजच्या जागी सरळ तार जोडली तर? माणूस चिकटंल की!"

उलट्या एसटीने आम्ही परत गेलो. परीक्षक व्हरांड्यात पेपरने वारा घेत लोडशेडिंगच्या नावाने बोटं मोडत होते. मामांनी त्यांच्यापुढे फ्यूज ठेवला.

"साहेब, लायसन न्हाय दिलं तरी चालंल. ह्यो माझ्याकडं हुता."

"हा काढायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

मामांचा आवाज एवढा खाली गेलेला मी प्रथमच ऐकला. "माझा भागीदार दत्तू वर काम करत हुता. मी बटण बंद करून चा प्यायला गेलतो. कुणीतरी चालू केलं. दत्तू गेला. तवापासनं फ्यूज माझ्या खिशात असतोय."

परीक्षक उठले. त्यांनी स्वतः फ्यूज बसवला, मामांची जोडणी तपासली आणि पहिल्या झटक्यात दिवा लागला.

"या आता," ते हसून म्हणाले. "पण खिसे तपासून जा."

परवाना आला त्या दिवशी गल्लीत हलगी कडाडली. फेटा बांधलेले, गुलालाने न्हालेले मामा परवान्याची तसबीर छातीशी धरून थेट दुकानासमोर आले. कागलचं काम मिळालंच होतं. नव्या पाटीवरचा कपडा तेवढा ओढायचा होता. इतक्या वर्षांनी मामांचं नाव झळकणार म्हणून आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले. पाटीवर होतं, 'दत्तू एअर कंडिशनिंग'.

"मामा, तुमचं नाव?"

"माझं लायसनवर हाय की. ते सरकारनं लिवलंय. दत्तूचं कोण लिवणार?"

हलगीवाला दुप्पट जोराने वाजवू लागला, म्हणून बरं. माझा हुंदका कुणाला ऐकू गेला नाही. पुढे नवी गिऱ्हाइकं दारातून "दत्तूशेठ!" अशी हाक मारत, आणि मामा आतून बिनदिक्कत "आलो, आलो!" म्हणत. शेवटपर्यंत त्यांनी एकालाही दुरुस्त केलं नाही. आता मामा नाहीत. त्या गल्लीतून जाताना मीच कधीकधी हळूच 'दत्तूशेठ' म्हणून पाहतो, आणि क्षणभर थांबतो.