पहिल्या हाकेची ओ

भिमाजीइतका भित्रा वाटाड्या अख्ख्या राजुरात शोधून सापडला नसता, आणि मला नेमका तोच मिळाला. एकाहत्तर सालच्या भादव्यात मी डोंगर बघायचे म्हणून नगरहून एसटीने राजूरला उतरलो. खानावळवाल्याने त्याचं नाव सुचवलं आणि वर हसला.

रानात शिरल्यावर ते हसणं कळलं. ओढा दिसला की भिमाजी हात जोडायचा. वाघोबाच्या शेंदरी दगडापाशी त्याने मलाही चपला काढायला लावल्या. सगळ्यात मोठा नियम हाकेचा. धुक्यात कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. चकवा दोनदाच हाक मारतो, तिसरी त्याला जमत नाही. आणि आपण कुणाला हाक मारली की पहिल्याच हाकेला घाईघाईने ओ देतो तोही चकवाच, माणसाला कड्यावर नेणारा. पन्नाशी उलटली तरी भिमाजीने हा नियम मोडला नव्हता. मी त्याची यथेच्छ चेष्टा केली. ते दिवसच तसे होते, मी स्वतःला फार शूर समजायचो.

दुपारी त्याच्या झोपडीवर पोचलो तर दाराला कडी. त्याची बायको छबूबाई चुकलेली शेळी शोधायला सकाळीच गेली होती, असं शेजारणीने सांगितलं. भिमाजीचा चेहरा उतरला. तो तडक निघाला आणि एकटं थांबायची छाती नव्हती म्हणून मीही मागोमाग गेलो.

धुकं असं की पुढच्या भिमाजीची घोंगडीही दिसेना. डावीकडे कडा आहे एवढंच तो बोलला. किती लांब, ते मी विचारलं नाही. मला उत्तर नकोच होतं.

"अवो, गहिनीचं बाऽऽ!"

गहिनीनाथ हा त्यांचा मुलगा, म्हणजे हाक छबूबाईचीच.

"ओऽऽ!" भिमाजी ओरडला. पहिल्याच हाकेला.

पलीकडे कारवीची झुडपं मोडत कोणीतरी पळत सुटलं, डावीकडे.

भिमाजी मटकन खाली बसला. "मला चकवा समजली ती," तो म्हणाला. आता तीही तिसऱ्या हाकेशिवाय ओ देणार नव्हती.

"छबूऽऽ!" कारवी आणखी लांब मोडली.

"छबूऽऽ!" एक दगड सुटला. तो खाली आपटल्याचा आवाज आलाच नाही.

तिसरी हाक मारायला तो धजेना; तिलाही ओ आली नाही तर? शेवटी त्याने रडतरडतच हाक मारली.

"ओ."

ती कड्याच्या अगदी टोकाशी, कारवीचं झुडूप घट्ट धरून बसली होती. भिमाजीने तिला आत ओढलं. धाप जरा कमी झाल्यावर ती त्याच्यावर उखडली.

"जल्मात कवा पहिल्या हाकंला ओ दिली न्हाई तुमी. आजच का दिली?"

भिमाजीने अजून तिचं मनगट सोडलं नव्हतं.

"धीर न्हाई धरवला," तो म्हणाला.